खोकला गिळू नका

"खोकला गिळू नका, भाऊ," असं म्हणून सिस्टर पाठीवर तळहात ठेवायच्या. थोपटायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या. माणूस मोकळा होईपर्यंत तो हात हलायचा नाही. मी मात्र त्यांच्यापुढे खोकल्याहून मोठी गोष्ट गिळली आणि तिची शिक्षा त्यांना झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला चांगला माणूस समजणार नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकात मी फिटर होतो. खोकल्यातून रक्त पडलं आणि मला सांगवीच्या पुढे, नदीपलीकडच्या क्षयाच्या रुग्णालयात आणलं. थंडीतही उघड्या खिडक्या, लोखंडी खाटा, प्रत्येकाच्या उशाशी थुंकीचा झाकणाचा डबा. माझा सख्खा भाऊ भेटायला यायचा तो नाकाला उपरणं लावून, दारातूनच बोलून जायचा.

सिस्टर नगरकडच्या. दुपारच्या सक्तीच्या विश्रांतीत कुणी चादरीखाली खोकला दाबला, तरी त्यांना व्हरांड्यात ऐकू जायचं. "माझ्यापुढे कसली लाज? मी काय तुमची सोयरीक जमवायला आलेय?" सगळा वॉर्ड हसायचा, हसता हसता खोकायचा. मग त्या म्हणायच्या, "हां, आता निघाला बघा."

बेडक्यात जंतू दिसले नाहीत, की घरी सोडायचे. म्हणून नमुना देताना सिस्टरनं समोर उभं राहायचं, असा नियम होता. घरी जायची घाई कुणाला नव्हती? माझे आधीचे नमुने स्वच्छ आले होते, शेवटचा तेवढा राहिला होता. कारखान्यात माझी जागा फार काळ रिकामी ठेवणार नव्हते. चिंचवडला बायको आणि लहान मुलगी वाट बघत होत्या. आणि त्याच आठवड्यात माझ्या रुमालावर पुन्हा लाल ठिपका दिसला. रुमाल मी गादीखाली खुपसला.

नमुन्याच्या सकाळी सिस्टर माझ्या हातात रिकामी डबी देऊन पुढे उभ्या राहिल्या, तोच समोरच्या खाटेवरच्या मास्तरांना रक्ताची गुळणी आली. "तुम्ही भरून ठेवा, भाऊ. तुम्हाला काय सांगायचं," म्हणत त्या धावल्या. मास्तरांना कुशीवर वळवलं, तोंडाशी भांडं धरलं, पाठीवर हात ठेवला. मास्तरांचे डोळे पांढरे झाले होते. सिस्टर हळू आवाजात म्हणत होत्या, "बोलू नका. मी आहे इथं."

मास्तर वाचले. पण त्या भांड्यात मला माझंच रक्त दिसलं. मी डबी शेजारच्या खाटेवरच्या, मावळातल्या म्हाताऱ्यापुढे धरली. त्याचे नमुने केव्हाचे स्वच्छ येत होते, पण घरचं कुणी न्यायलाच येत नव्हतं.

"थुकीला बी गिऱ्हाईक लागलं व्हय?" म्हातारा हसला आणि त्यानं डबी भरून दिली.

मी घरी आलो. काही दिवस माझं ताट वेगळं ठेवलं, मुलीला जवळ येऊ दिलं नाही. बायको म्हणाली, डॉक्टरांनी बरं म्हटलंय ना, मग पोरीला कशाला रडवता? मुलगी माझ्या ताटात जेवू लागली, माझ्या कुशीत झोपू लागली. मी उशीत तोंड खुपसून खोकायचो. मग एका संध्याकाळी अंगणात तिचा खोकला ऐकला. माझाच होता तो, फक्त बारीक आवाजातला.

दोघांनाही त्याच रुग्णालयात ठेवून घेतलं, तिला मुलांच्या वॉर्डात. डॉक्टरांनी माझ्या खाटेपाशीच सिस्टरना विचारलं, शेवटचा नमुना घेताना तुम्ही समोर होता का? त्या म्हणाल्या, "नव्हते, साहेब. चूक माझी."

खरं सांगितलं तर माझं नाव कापतील आणि माझ्याबरोबर पोरीलाही बाहेर काढतील, तिची इंजेक्शनं बंद होतील, याच भीतीनं मी तेही गिळलं. सिस्टरांची बदली झाली.

त्या निघाल्या त्या दिवशी मी फाटकाशी गेलो. त्यांची पत्र्याची ट्रंक टांग्यात चढली होती.

"सिस्टर, तो नमुना माझा नव्हता. तुम्ही मास्तरांकडे गेलात तेव्हा मी म्हाताऱ्याचा घेतला. माझ्या पोरीला मीच हे दिलं, आणि तुमचं नाव घालवलं. मला माफ करा."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मुलांच्या वॉर्डाकडे बघून म्हणाल्या, "तिचं औषध पुरं होऊ दे. मग साहेबांना सांगा. आधी नको."

पुढे मुलगी बरी होऊन घरी गेली, तेव्हा मी साहेबांना सांगितलं. सिस्टर काही परत आल्या नाहीत.

पण त्या दिवशी, टांगा वळणाआड जाताना मला खोकला आला. मी तो गिळला नाही. फाटक धरून वाकून खोकत राहिलो. पाठीवर हात नव्हता.