डालग्यापलीकडची ऊब

आमच्या वलवणच्या घरात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्यांचा ओलेपणा फक्त शिळा होतो. म्हणून शेगडीत निखारे घालायचे, वर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं उपडं ठेवायचं आणि त्यावर कपडे पसरायचे, ही आमची जुनी रीत. गॅस आला तशी शेगडी माळ्यावर गेली. कोंबड्याही संपल्या. डालगं मात्र आईनं टाकलं नाही, ते दाराआड उभंच होतं.

मी बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं करते. संगणकात बंगला उभा करायचा, त्यात लाकूड, काच, ऊन, हिरवळ सगळं घालायचं आणि मग यंत्राला सांगायचं, आता फोटो वाटेल असं चित्र काढ. यालाच रेंडर म्हणतात. ते काम ग्राफिक्स कार्ड करतं, आणि करताना सणसणून तापतं. एका कार्डाच्या जोडीला मी दुसरं बसवलं तेव्हा संगणकाच्या कॅबिनेटच्या मागून अशी गरम हवा यायला लागली की तेवढ्या भागातली भिंतीची ओल सुकली. मला यंत्राची काळजी वाटली. आईला डालगं आठवलं.

एका दुपारी बाजारातून आले तर यंत्र बंद. त्यावर डालगं, डालग्यावर माझा ड्रेस आणि त्यावर ओली गोधडी. कोंडून घातल्यामुळे ते तापून आपोआप बंद पडलं होतं आणि सकाळपासूनचं रेंडर पाण्यात गेलं होतं. मी अशी काही ओरडले की शेजारच्या मावशी डोकावून गेल्या. आई गोधडीची घडी घालत म्हणाली, "वरडू नगं. तुजी शेगडी येवढी नाजूक आसंल, ठावं नव्हतं मला."

मग तोडगा निघाला. यंत्र फळीवर, त्याची पाठ खोलीकडे. पाठीपासून हातभर लांब डालगं, आणि डालग्यापलीकडे आईचं बसकर. पावसाळा लागला की तिचे गुडघे आखडायचे. त्या उबेत जरा मोकळे व्हायचे. तांदूळ निवडत ती तिथंच दुपार काढायची.

"आज काय शिजतंय?" ती विचारायची.

"पोहायचा तलाव."

"म्होरं येवढं धरान आसताना?"

चित्र सुरुवातीला रवाळ दिसतं, मग हळूहळू निवळत जातं. आई पडद्याकडे मान वळवून निकाल द्यायची, "दानं दिसत्यात. कच्चं हाय अजून." बिल्डरसुद्धा एवढं बारकाईनं बघत नसत. खरं सांगते, माझ्या कामाचे सगळ्यात चांगले दिवस तेच होते, आणि तेव्हा मला ते अडचणीचे दिवस वाटत होते.

कारण मला आणखी कार्डं हवी होती. एका बिल्डरला डोंगरउतारावरच्या त्याच्या सगळ्या बंगल्यांची मिळून फिल्म पाहिजे होती, तीही लगेच. त्याला चार कार्डं लागणार. चार कार्डं कॅबिनेटमध्ये मावत नाहीत, उघड्या सांगाड्यावर ओळीनं लावावी लागतात. आमच्या घराचं वायरिंग तो भार सोसणार नव्हतं, आणि ढग दिसला की आमच्याकडे लाईट जाते. मी सोमाटण्यात चांगल्या जोडणीची एक खोली भाड्यानं घेतली.

आषाढ होता. मी स्क्रू काढत होते आणि आई बसकरावरून बघत होती. म्हणाली, "पावसाळा झाल्याव न्हे की."

"काम थांबतं का, आई? तुला हीटर आणते ना."

हीटर आणला. तिनं तो एकदाही लावला नाही. "नुसत्या उबंसाटी लाईट जाळायची व्हय? कायतरी शिजत आसंल तर बसावं बाजूला." मी हसले आणि गेले. मी रोज सकाळी सोमाटण्याला जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. ती भिंतीला टेकून बसलेली असायची, गुडघ्यांवर गोधडी घेऊन.

श्रावणात तिला माझं नवं यंत्र दाखवायला नेलं. चार कार्डं एका ओळीत, आणि त्यांना थंड ठेवायला एसी. मला फार मिरवायचं होतं. तिनं खुर्चीत बसत कानावरून पदर घेतला. "लय गार हाय गं हितं."

"त्याला लागतं तसं," मी म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून वळले. बिल्डरचा होता. विक्री आता दिवाळीनंतर सुरू करू, फिल्मची घाई नाही, म्हणाला.

फोन ठेवला तर खुर्ची रिकामी. आई मागच्या गॅलरीत उभी होती. एसीचा बाहेरचा डबा खोलीतली सगळी उष्णता रस्त्यावर फेकत होता. तिनं त्याच्यासमोर कठड्यावर माझा ओला नॅपकिन पसरला होता आणि स्वतः गुडघे त्या हवेत धरून उभी होती.

"ऊब हितं हाय बग," ती म्हणाली. "समदी भाईर सोडलीस व्हय?"

मी तिला खुर्ची आणून दिली. त्याच दिवशी दोन कार्डं काढून वलवणला न्यायला हवी होती. पण जुळवलेलं मोडायचा कंटाळा आला. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं, आणि तसे आठवडे गेले.

भाद्रपदात आई झोपेतच गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले. थंडीनं नाही, गुडघ्यांनी नाही, हे मला कळतं, आणि त्याचा मला काही उपयोग होत नाही.

फिल्म झाली, सगळ्यांना आवडली. यंत्र आता वलवणला परत आणलंय, दोनच कार्डांवर चालतं. चित्र रवाळ असताना माझी मान आपोआप डालग्याकडे वळते. पावसाळा झाल्यावर ने, एवढंच ती म्हणाली होती, आणि माझ्याकडे तेवढा वेळ होता.