भुकेचा प्रवेश

मुरबाडच्या जत्रेत आम्ही केलेलं नाटक आता कोणाला आठवत नाही. मला आठवतं, आणि एकटा असलो की फारच आठवतं.

नाटक माझं होतं. गिटारी घेऊन परदेशी बंदरात गेलेली चार पोरं, तळघरातला रॉकचा धिंगाणा, थंडी, उपासमार. मी स्वतः कल्याणच्या पुढे गेलो नव्हतो. एका मासिकात झिपऱ्या पोरांचे फोटो पाहिले आणि तेवढ्या भांडवलावर तीन अंक ठोकले. उथळ पाण्याला खळखळाट फार! गिटारी चहाच्या खोक्यांच्या फळ्यांच्या. गायकाचं काम माझ्या शेजारच्या मित्राकडे होतं. विधवा आईचा तो एकुलता एक.

जत्रेतल्या साऱ्या गॅसबत्त्या तमाशावाल्यांनी उचलल्या, म्हणून प्रयोग भरदुपारी झाला. तिसऱ्या अंकात तो पोट धरून कोसळला आणि म्हणाला, "तीन दिवस अन्न नाही." त्याची आई लोकांतून उठली, थेट रंगमंचावर चढली आणि फडक्यातली नाचणीची भाकरी तिनं त्याच्या हातात दिली. आमच्याकडे आवडत्या नटाला लोक प्रयोगातच मानाचा नारळ देत, डोक्याला फेटा बांधत. त्यामुळे कोणी हसलं नाही. त्यानं घासही मोडला.

मी तणतणत विंगेतून आलो आणि भाकरी काढून घेतली. "काकी गो, हे खोटं हाय. तो उपाशी नाय, लिवलंय तसं बोलतो."

"असं काय? मना काय ठाव, पोरा," म्हणत ती ओशाळून खाली उतरली.

वर्षभरात तो खलाशी म्हणून बोटीवर गेला आणि कुठल्याशा परदेशी बंदरात गिटार वाजवणाऱ्या पोरांबरोबर राहिला. त्याचं पत्र आलं. काकीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या ओटीवर बसून वाचलं. तळघरात झोपतो, थंडी सोसत नाही, दोन दिवस पोटात काही नाही, कसंही करून मला परत न्या.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "नाटकातलंच लिवलंय ना रे त्यानं?"

खरं सांगितलं असतं तर तिनं होतं नव्हतं ते विकून त्याला आणवलं असतं. पण ज्या नाटकानं त्याला ते वेड लावलं ते माझं होतं, आणि हे तिच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटली.

"हो काकी," मी म्हणालो.

दुसरं पत्र कधीच आलं नाही. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा खुलला.

"मंग नाटक संपलं का येल घरी," ती म्हणाली आणि भात कांडायला उठली.