ऋणनिर्देशाच्या त्रेसष्ट प्रती

‘भाऊजी, आभार मानलेत, पण ते कशाबद्दल? ते कुठल्या फायलीत आहे?’ हा प्रश्न प्रबंधसरांच्या पत्नीने मला संगणक-दुरुस्तीच्या दुकानात, खुद्द सरांच्या देखत विचारला.

‘प्रबंधसर’ हे नाव आम्हा सहकारी अध्यापकांनीच त्यांना दिले होते. प्रबंध मात्र कुणी पाहिला नव्हता. अकरा वर्षे रोज संध्याकाळी सहा ते आठ ते घराच्या मागच्या खोलीत संगणकापुढे बसत, आणि तेवढा वेळ घर श्वास रोखून असे. पत्नीचे शिवणयंत्र खडखडते म्हणून त्यावर चादर पडली, ती कायमची. ज्ञाननिर्मितीला शांतता लागते, याबद्दल त्या घरात दुमत नव्हते. कारण मत एकच होते.

मग एके दिवशी संगणक सुरूच होईना. सरांनी हे संकट संशय यावा इतक्या धैर्याने सोसले.

‘जाऊ दे गं. विचार डोक्यात शाबूत आहेत.’

‘डोक्यातले राहू देत तिथंच. अकरा वर्षं मी मशीन झाकून ठेवलं ते कशासाठी, तेवढं मला बघू दे.’

शेजारी म्हणून मला सोबत घेऊन तिने दुरुस्तीवाल्याचे दुकान गाठले. जुनी हार्ड डिस्क त्याने ठेवून घेतली. चार दिवसांनी बोलावणे आले, तेव्हा सरही पाय ओढत मागोमाग आले.

‘मावशी, मजकूर सगळा निघाला. फायलींची नावं तेवढी गेली, नुसते नंबर पडलेत. एकेक उघडून ओळखावी लागेल.’

‘उघड की मग. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?’

‘अगं, त्यांना दुसरी कामं असतील,’ सर म्हणाले.

‘छे हो काका, आज अगदी निवांत आहे.’

पहिली फाईल उघडली: ऋणनिर्देश. दुसरी: ऋणनिर्देश. अशा त्रेसष्ट. आमच्याकडे कुणाचाही प्रबंध हाती आला की माणूस आधी ऋणनिर्देशात स्वतःचे नाव शोधतो, आणि ते सापडले की प्रबंध मिटतो. वाचकाची ही सवय ओळखून सरांनी सुरुवात तिथूनच केली होती. प्रत्येक प्रतीखाली तारीख होती. मार्गदर्शक आरंभी ‘ऋषितुल्य’ होते, सरांची बढती हुकल्यावर ‘आदरणीय’ झाले, आणि स्वतः निवृत्त होताच नुसते ‘डॉ.’ उरले. मेहुण्यांचे नाव भांडणागणिक गळत होते, समेटागणिक परतत होते. पहिल्या प्रतीत पत्नीसाठी चार ओळी होत्या: तिने आपले यंत्र थांबवले, म्हणून माझी लेखणी चालली, वगैरे. त्रेसष्टाव्या प्रतीत ती ‘व कुटुंबीय’ झाली होती.

तिने दोन्ही शांतपणे वाचल्या. मग मला तो प्रश्न विचारला. मी सरांकडे पाहिले. सर दुकानातल्या पंख्याकडे पाहत होते.

‘अहो, निदान पहिलं प्रकरण?’

‘आराखडा तयार आहे मनात…’

‘मावशी, पुसून टाकलेलंसुद्धा सगळं काढलंय मी,’ दुरुस्तीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. ‘पण मुळात काही लिहिलेलं तर पाहिजे ना!’

‘पहिली प्रत तेवढी छापून दे बाबा,’ ती म्हणाली. ‘बाकीच्या यांना ठेव.’

जून २०१९ पासून त्या मागच्या खोलीत, रोज संध्याकाळी सहा ते आठ, तिचा शिवणवर्ग भरतो.