बापू गेले, यात शंका नाही

चहा घ्या, पण मी सांगत असताना मोठा घोट घेऊ नका. मागे एकांना ठसका लागला होता आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं.

गोष्ट माझ्या फजितीची आहे. तशा माझ्या फजित्या पुष्कळ, पण त्या घरातल्या घरात राहिल्या. ही एक मात्र इंदूर, नागपूर, भोपाळपर्यंत टपालाने गेली. कॅसेटवर. माझ्याच आवाजात!

नात म्हणते, "आजोबा, म्हणजे तुम्ही पॉडकास्ट करत होता!" करत असू बाई. नव्वदच्या दशकात आम्ही त्याला 'आपली कॅसेट' म्हणायचो.

आम्ही म्हणजे तिघे. तात्या बँकेतून रिटायर झालेले, बापू रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून, आणि मी विद्यापीठातून, न्यायशास्त्र शिकवून. न्यायशास्त्र म्हणजे कोर्टकचेरी नव्हे हो. तर्क! डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे, हे बिनचूक कसं ओळखायचं, त्याचं शास्त्र. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या काळी थंडी पडली की सिनेमा शिकणारी पोरं बनारसला यायची. एकाला धुक्यात जाणारी नाव हवी, दुसऱ्याला धुक्यातून येणारी. जवळ ना पैसा, ना नट, ना धड स्वेटर. त्यांतल्या मराठी पोरांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत तात्यांकडे गरम वरणभात मिळतो. तात्या जेवू घालायचे आणि मग गच्चीवरच्या खोलीत टेपरेकॉर्डरसमोर बसवायचे. जेवलेला माणूस नाही कसं म्हणणार? त्या खोलीला आमच्या गल्लीत नुसतं 'वर' म्हणत. बापू कुठे आहेत? वर. प्रोफेसर कुठे गेले? वर. हेही लक्षात ठेवा.

तात्यांचं यंत्र दोन कॅसेटींचं. एकीवरून दुसरीवर उतरवताना नको ते गाळायचं आणि चार प्रती काढून ओळखीच्या सिनेमावेड्यांना पाठवायच्या. सुरू करण्याआधी तात्या यंत्राला उदबत्ती ओवाळायचे. बँकेत तिजोरीला ओवाळायचे, ती सवय.

बापूंचं काम प्रश्न विचारणं. त्यांचा प्रश्न एकच. पोरगा तासभर प्रकाश, प्रतीक, अवकाश वगैरे बोलला की बापू खाकरून विचारायचे, "ते सगळं ठीक, पण शेवटी होतं काय?" भलेभले गारद व्हायचे.

आणि माझं काम विवेचन. इथेच सगळी गडबड. मला ठाम बोलता येत नाही. आजही येत नाही, निदान मला तसं वाटतं. मी सुरुवात करायचो, "स्वतंत्र सिनेमा म्हणजे, माझं चुकत असेल, पण कदाचित असं म्हणता येईल, अर्थात तसं न म्हणणारेही..." तात्या प्रत उतरवताना 'कदाचित' गाळायचे, मग 'अर्थात' गाळायचे, मग बघायचे तर हाती काही उरलेलंच नसायचं. आदल्या कॅसेटवर माझा एकच शब्द शिल्लक होता. "नमस्कार."

बापू म्हणाले, "पण नमस्कार चांगला जमलाय हं."

वाईट वाटतं हो. तीस-पस्तीस वर्षं शिकवलेला माणूस मी.

अशात स्वाती आली. नागपूरची मुलगी, कुठल्याशा सिनेमाच्या कॉलेजात ध्वनी शिकत होती, मैत्रिणीच्या फिल्मसाठी पंचगंगा घाटावर नावाड्यांचे आवाज टिपायला आली होती. तिच्याजवळ स्वतःचं यंत्र, चांगला माइक, कानांवर हे एवढाले हेडफोन. म्हणाली, "या वेळची कॅसेट मी रेकॉर्ड करून देते. पण संध्याकाळी माझी गाडी आहे, तेव्हा जे काय ते आजच."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही एकच वाक्य बोला. पण ठाम. ते मी कुणाला कापू देणार नाही."

एक वाक्य! ठाम! मी स्वयंपाकघरात जाऊन घोकू लागलो. चहा टाकला आणि स्टोव्हला सांगितलं, "स्वतंत्र सिनेमा म्हणजे कुणाची परवानगी न मागणारा सिनेमा." स्टोव्हने ऐकून घेतलं. पुन्हा म्हटलं. 'कदाचित' आला नाही. तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. तसाच ट्रे उचलला आणि वर गेलो.

दार ढकललं. बघतो तर आत स्मशानशांतता.

स्वाती डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर दाबून बसलेली. तात्या मान खाली घालून उभे. उदबत्ती जळतेय. बापू कुठे नाहीत.

मी कुजबुजलो, "काय झालं?"

तात्या मान वर न करता पुटपुटले, "बापू गेले."

"गेले?"

"हं."

"कधी?"

"आत्ताच."

"अहो, पण कसे?"

"खोकत खोकत."

स्वातीने डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

आता तुम्ही हसताय, कारण तुम्हाला अंदाज आलाय. मला कुठून येणार? नंतर कळलं, त्याला रूम टोन म्हणतात. खोलीत बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीचा रिकामा आवाज टिपून ठेवायचा. पुढे जोडाजोडीला उपयोगी पडतो. आणि बापूंचा खोकला काही थांबेना, म्हणून स्वातीने त्यांना सांगितलं होतं, "काका, जरा खाली जाऊन पान खाऊन या." हे सगळं मी खाली स्टोव्हला व्याख्यान देत असताना झालं.

मला दिसलं ते काय? मौन. खाली माना. उदबत्ती. आठवडाभर खोकणारा माणूस गैरहजर. धूर दिसला, विस्तव ओळखला. झालं अनुमान! तेवढ्यात खालच्या गल्लीतून 'राम नाम सत्य है' करत लोक गेले. स्वातीने कपाळावर हात मारून घेतला. तिचं रेकॉर्डिंग खराब झालं म्हणून. मला वाटलं, पोर परकी, पण किती मायाळू!

मी ट्रे खाली ठेवला आणि जिना उतरलो. मनात एकच. बापूंच्या बायकोला, कुसुमवहिनींना, कोण सांगणार?

बापूंचं घर पुढच्याच गल्लीत. वहिनी ओट्यावर चूडा-मटरसाठी, म्हणजे इकडच्या मटार-पोह्यांसाठी, मटार सोलत बसल्या होत्या.

"वहिनी, बसा," मी म्हणालो.

"बसलेलीच आहे की, भावजी."

"म्हणजे मन घट्ट करा. बापू, म्हणजे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण तात्या म्हणाले त्यावरून, कदाचित..."

"भावजी, सीधं सांगा ना! कढई तापलीय आत."

"बापू गेले."

"कुठे?"

मी आभाळाकडे बोट केलं. "वर."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. "ते मला माहीत आहे. सकाळीच गेलेत."

"वहिनी!"

"जाऊ देत. घरी असले की डोकं खातात नुसते. जेवायला येणार ना?"

धक्क्याने माणसाचं भान सुटतं, हे ऐकलं होतं. डोळ्यांसमोर पहिल्यांदा बघत होतो.

"वहिनी," मी त्यांच्या समोर उकिडवा बसलो, "आता ते परत येणार नाहीत."

"असं कसं? एवढा चूडा-मटर करतेय मी! आधी नाही सांगायचं?"

"अहो, हे असं आधी कुणाला सांगता येतं?"

"त्यांचं नेहमीचंच आहे," म्हणून त्या तणतणत आत गेल्या. आतून कढईचा आवाज आला. मी डोळे पुसले.

बाईमाणसाला असं एकटं कसं सोडायचं? पण बाकीची व्यवस्थाही कुणीतरी बघायला हवी. तात्यांच्या जिन्याखाली लल्लन पानवाला बसायचा. त्याला म्हटलं, "लल्लन, बापू चले गए. चार आदमी बुलाओ."

लल्लन म्हणाला, "चार आदमी काहे, गुरु? अबहीं त पान खा के उप्पर गयल हौवन. अपने गोड़े से."

आत्ताच पान खाऊन वर गेले, स्वतःच्या पायांनी! काय हे शहर! साधा पानवाला, पण मरणाबद्दल बोलतो कसा बघा. मी त्याला हात जोडले. तो माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिला.

आता वर काय झालं होतं ते ऐका. बापू पान खाऊन खरोखरच परत आले होते. "माझ्याच कार्यक्रमातून मला बाहेर काढता?" म्हणून भांडले होते. शेवटी तोड निघाली. बापूंनी दिवाणावर आडवं व्हायचं, वरून रजई घ्यायची आणि खोकायचं ते आत खोकायचं. रजईला पांढरी खोळ. बापूंनी ती डोक्यावरून ओढून घेतली. उदबत्तीचं घर यंत्राशेजारी, म्हणजे नेमकं दिवाणाच्या उशापाशी होतं.

मी दार उघडलं. आणलं होतं त्यांना! पायापासून डोक्यापर्यंत पांढरं. उशाशी उदबत्ती. सगळे गप्प. स्वातीने मला बघताच हाताने खुणावलं, या, बसा. माइक माझ्यापुढे सरकवला, बोट वर केलं आणि माझ्यावर रोखलं. बोला.

मी समजलो. श्रद्धांजली.

आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मनातले सगळे किंतु गळून पडले. मी सरळ बसलो.

"बापू गेले," मी म्हणालो. "यात शंका नाही."

तात्यांनी चमकून वर पाहिलं. स्वातीने मात्र अंगठा वर केला. तिला वाटलं, सरांनी काय सुरुवात केलीय! पुढे बोला, पुढे.

मी बोललो. "आम्हा तिघांत सिनेमा कळणारा हा एकच माणूस होता. मी शब्द जोडत बसायचो, हा सरळ गाभ्याला हात घालायचा. प्रत्येक दिग्दर्शकाला त्याने विचारलं, शेवटी होतं काय? आज त्याला स्वतःला उत्तर मिळालं असेल."

"नाही मिळालं अजून!" रजई म्हणाली. आणि खोकली.

मी जो मागे सरकलो, तो हात थेट उदबत्तीवर. टेपवर जे "आई गं!" ऐकू येतं ते दुःखाचं नाही. भाजल्याचं आहे.

रजई बाजूला झाली. बापू उठून बसले. गालात पान, डोळ्यांत पाणी. हसून आलेलं, की आणखी कशाने, ते मी कधी विचारलं नाही.

"थांबलात का, प्रोफेसर? चांगलं चाललं होतं. मी तर ऐकत होतो."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कुसुमवहिनी डबा घेऊन दारात उभ्या. "भावजी म्हणाले, ते आता परत येणार नाहीत. मग म्हटलं, इथेच जेवा."

पुढचा अर्धा तास कुणी काही रेकॉर्ड करण्याच्या स्थितीत नव्हतं. तात्या भिंतीला टेकून खाली बसले ते उठेचनात. स्वाती हसता हसता म्हणत होती, "सर, पहिल्या टेकमध्ये तुमची कुजबुजसुद्धा आहे! खोकत खोकत!" मी म्हटलं, माझं ते स्वतंत्र सिनेमाचं वाक्य तरी घ्या. तिने घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. जाताना पाया पडून म्हणाली, "सर, याच्याहून ठाम काही मिळणारच नाही."

मग तात्यांनी प्रती काढल्या. स्वातीने बजावलं होतं, म्हणून माझं एक अक्षर कापलं नाही. पण कॅसेटवर खोकला नको, हाही तिचाच नियम. तेव्हा खोकला गाळला, आणि त्याला चिकटून असलेलं बापूंचं वाक्यही त्यात गेलं. उरलं काय? बापू गेले, यात शंका नाही, चार भावपूर्ण वाक्यं, आणि शेवटी माझा हंबरडा. आई गं!

पंधरा दिवसांत वहिनींच्या नावाने सांत्वनाची पत्रं सुरू झाली. इंदूरहून, नागपूरहून. बापू रोज दुपारी उन्हात बसून त्यांना उत्तरं लिहायचे, स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःची सही करून. "आपलं पत्र वाचून धीर आला. प्रोफेसर अजून सावरलेले नाहीत." आणि घरी कुणी पाहुणा आला की माझी कॅसेट लावायचे. म्हणायचे, "हे ऐका. हा माणूस आयुष्यात एकदाच ठाम बोलला."

बापू खरोखर गेले, ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तात्या तेव्हा मुलाकडे कानपूरला राहायला गेले होते. फोन मीच केला.

"तात्या, बापू गेले."

"कुठे?"

"वर," मी म्हणालो.

"प्रोफेसर, पांघरूण काढून पाहिलंत?"

पाहिलं होतं. डॉक्टरांनीही पाहिलं होतं. तरी त्यांनी असं विचारल्याबरोबर मनात आलं, न जाणो, पुन्हा...

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, कदाचित."

पलीकडे बराच वेळ नुसती खोली ऐकू येत होती.

"कदाचित म्हणताय ना?" तात्या म्हणाले. "मग गेलेच. येतो मी."