जीपमधला खोटा पॅसेंजर

आमच्या आईला कुणी काही फुकट देऊ केलं की ती आधी देणाऱ्याच्या हाताकडं बघायची, मग तोंडाकडं, आणि मग म्हणायची, “न्हाई लागत. ऱ्हाऊ द्या.” तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेलं. मालक सकाळी काय बोलतो आणि संध्याकाळी काय, हे तिनं पुरतं पाहिलं होतं. हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या आमच्या वस्तीत, निळ्या झेंड्याखाली, संशय कुणाला शिकवावा लागत नसे. पण आईनं मला तो मुद्दाम आणि प्रेमानं शिकवला. त्यानं माझं नुकसान झालं त्यापेक्षा रक्षणच जास्त झालं, असं माझं आजही मत आहे. फुटबॉलच्या बाबतीत तेवढं जरा जड गेलं.

फुटबॉल मी शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे काय, बॉल दिसेल तिकडं पळायचो. आपल्याच पोराच्या पायातून बॉल काढून घ्यायचो, कारण तो मला देईल याची खात्री काय? गोल मात्र भरपूर करायचो. तेवढ्यात हिंगोली जिल्हा नवा झाला. आधी टीम परभणीला निवडली जायची, आणि तिथं नावं आधीच ठरलेली असतात असं आमच्याकडं लहान पोरंसुद्धा सांगायची. आता आमच्या जिल्ह्याची स्वतःची पहिली टीम होणार होती. जिल्ह्याकडून खेळलेल्या पोराला पुढं क्रीडा वसतिगृहात घेतात, शिक्षण तिथंच होतं, असंही कानावर आलं. मला ती टीम हवीच होती. दहावी झाली की आईच्या शेजारी खुरपं घेऊन बसायचं नव्हतं, एवढं साधं कारण.

हिंगोलीत एक सर संध्याकाळी मैदानावर पोरांकडून सराव करून घेत आणि खेड्यातल्या पोरांनाही बोलवत. प्रश्न होता रोज जायचा. जीपशिवाय सोय नव्हती आणि रोजचं भाडं आम्हाला परवडणारं नव्हतं. स्टँडवरच्या एका जीपवाल्याला मी मामा म्हणायचो, कारण सगळेच म्हणायचे. तो म्हणाला, “भाच्या, भाडं नको देऊ. फकत बसायचं काम आता रोज कर.” सुट्टीच्या दिवशी चहा-बिस्किटावर ते काम मी दोन-तीन वर्षं करतच होतो.

जीप भरल्याशिवाय सुटत नसे, आणि रिकाम्या जीपमध्ये पहिला कुणी बसायला तयार नसे. जो आधी बसेल तो तासभर उन्हात शिजणार, हे सगळ्यांना माहीत. म्हणून लोक टपरीवर चहा पीत उभे राहायचे आणि जीप भरत आली की धावत येऊन चढायचे. मामाचा उपाय सोपा होता. मला आणि आणखी दोघा-तिघा रिकामटेकड्यांना आत बसवायचं, आम्ही पॅसेंजरचं सोंग घ्यायचं. जीप आता सुटणार असं वाटून खरे लोक चढले की आम्ही एकेक करून उतरायचं. बाकीचे घरी जायचे, मी मागच्या फळीवर लटकून फुकटात हिंगोली गाठायचो.

सोंग मला फार छान जमायचं. बाकीचे नुसते बसायचे. मी मांडीवर पिशवी घट्ट धरायचो, वैतागून बाहेर डोकं काढायचो आणि ओरडायचो, “ओ मामा, निघता का न्हाई? दवाखान्यात जायचंय आमाला!” लोकांना दया यायची, घाई व्हायची, पटापट चढायचे. मग मी कपाळावर हात मारायचो, “डबाच राह्यला की!” म्हणून उतरायचो. मला याची लाज वाटत नव्हती. उलट, ज्या जगात सगळे सगळ्यांना फसवायला बसलेत असं मी धरून चाललो होतो, त्यात आपल्यालाही एक काम जमतं याचं बरं वाटायचं.

सरांनी पहिल्याच दिवशी मला बघून भुवया उंचावल्या. “तुला कुठंतरी पाह्यलंय रे मी.”

“न्हाई सर.”

ते हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. रोज उशीर व्हायचा तेव्हा मी सांगायचो, जीप भेटली नाही. एकदा ते म्हणाले, “भेटली न्हाई का भरली न्हाई?” या माणसाला काय ठाऊक आहे आणि किती, हे कळेना, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो.

नजर ठेवण्यासारखं पुष्कळ होतं. सरांचा सख्खा पुतण्या आमच्याच टीममध्ये होता, माझ्याच वयाचा, तोही फॉरवर्ड. घरची मोठी शेती, पायात स्पाईकचे बूट, तोंडात शब्द नाही. मी कॅनव्हासचे बूट घालायचो, त्यातून करंगळी बाहेर यायची. एक दिवस त्यानं त्याचे जुने बूट पिशवीतून आणून माझ्यापुढं ठेवले. मी आत हात घालून तपासले. कुठं फाटलेले नव्हते, तळही शाबूत होता, म्हणून तर जास्तच संशय आला. “न्हाई लागत,” मी म्हणालो. त्यानं ते पुन्हा पिशवीत टाकले.

सरांनी मला शिकवायला घेतलं ते असं. बॉल आणायला मागं यायचं नाही. “तू बॉल न्यायला येतो, मंग गोलपुढं कोण उभं ऱ्हाणार, तुझा मामा?” मामा हा शब्द ऐकून मी चपापलो. पुढचं तर त्याहून विचित्र होतं. “बॉल माझ्या पुतण्याकडं आला की तू डावीकडं पळायचं. बॉल तुझ्याकडं येणार न्हाई. तरी पळायचं. येणारच हाय असं पळायचं.”

मी पळायचो. माझ्यावर लक्ष ठेवणारा बॅक माझ्यामागं यायचा, मधली जागा मोकळी व्हायची, आणि त्या जागेतून पुतण्या गोल मारायचा. सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी तिकडं कोपऱ्यात धापा टाकत उभा. हे रोज चाललं. आपल्याला कशाला आणलंय ते माझ्या बरोबर ध्यानात आलं. दुपारी मामाच्या जीपमध्ये खोटा पॅसेंजर आणि संध्याकाळी सरांच्या टीममध्ये खोटा फॉरवर्ड. प्रवास दुसऱ्यांचा. संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली.

घरी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मंग? दुसऱ्याच्या रानात तूबी खुरपाया लागला म्हण.”

ते मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण मी सोडलं असतं तर त्यांचं आयतंच फावलं असतं. हे लोक शेवटी काय करतात ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, म्हणून मी जात राहिलो. लोक याला धीर म्हणतात. धीर बाकीच्यांकडं कुठून येतो ठाऊक नाही, माझ्याकडं तो संशयातून आला.

आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडं माणूस नीट बघतो. बॉलला पाय लावायची मनाई, तेव्हा बघण्याशिवाय काम तरी काय होतं? मी बॅककडं बघायला लागलो. तो आधी बॉलकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि मान वळते तेवढ्या वेळात त्याला दोन्ही दिसत नाहीत. पळायचं ते तेव्हा. आधी पळालं तर ऑफसाइड, नंतर पळालं तर तो सोबत येतो. तो कोणत्या पायावर उभा आहे यावरून त्याला कुठं वळायला जड जाईल तेही कळायला लागलं. पूर्वी अर्ध्या तासात माझी जीभ बाहेर यायची. आता शेवटपर्यंत पाय ताजे राहत, कारण उगाच कुठं जातच नव्हतो. पहाटे गोदामाच्या भिंतीवर बॉल मारून परत आलेला बॉल एका स्पर्शात थांबवायचा, हे मी माझं चालवलं होतं. कधीतरी चुकून बॉल माझ्याकडं आलाच तर तो उडून जाता कामा नये, एवढीच इच्छा होती. सर लांबून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. शाबासकी दिली असती तर तीही मी संशयानंच घेतली असती म्हणा.

त्याच दिवसांत स्टँडवर एक गंमत झाली. रोजच्या लोकांना माझा चेहरा पाठ झाला होता. “हे पोरगं बसलं म्हणजे जीप हलत न्हाई,” असं टपरीवर उघड बोललं जायचं. एक दिवस मामाला सेनगावहून लग्नाचं वऱ्हाड उचलायचं होतं, उशीर झाला होता. तो खरोखर ओरडायला लागला, “चला, सेनगाव, सुटली, खरंच सुटली!” मीही डोकं बाहेर काढून खरंच ओरडलो. लोक हसले. एकानं चहाचा दुसरा कप मागवला. मामानं गाडी काढली आणि अख्ख्या जीपमध्ये मी एकटा, पुढच्या सीटवर साहेबासारखा. मागं वळून बघितलं तर सगळे कप हातात धरून तोंड उघडं ठेवून उभे होते. सेनगावपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

थंडीत निवडीचा सामना झाला. आम्ही हिंगोलीची पोरं आणि समोर वसमतची. कडेला खुर्च्या टाकून सर आणि आणखी दोघं बसलेले, तेच नावं ठरवणार होते. वसमतकडं एक उंच स्टॉपर, म्हणजे मधला बॅक होता. पहिल्या हाफमध्ये तो माझ्या मागं सावलीसारखा लागला. मी डावीकडं पळालो की तो डावीकडं. मधून पुतण्यानं गोल मारला. मग वसमतनंही एक फेडला. सामना संपत आला तेव्हा पुतण्याच्या नावावर गोल होता आणि माझ्या नावावर नुसता घाम. वसतिगृह गेलं, खुरपं आलं, असं मनाशी म्हणत मी पळत होतो.

तेवढ्यात तो स्टॉपर दमून जोडीदाराला ओरडला, “सोड रे त्याला! त्याला कोण बॉल देऊन राह्यलंय?”

फार लागलं ते. लागलं कारण मलाही तेच वाटत होतं. पण मला टपरीवरचे ते चेहरे आठवले. ह्या लोकांचा आता माझ्यावर विश्वास नाही. जीप सुटली तरी ते चहा पीत उभे राहणार आहेत. मी आणखी एकदा तसाच पळालो, अगदी जीव तोडून. बॉल आला नाही आणि स्टॉपरनं मानही वळवली नाही. आता मी गोलच्या डाव्या बाजूला पूर्ण एकटा होतो.

पुढच्याच वेळी बॉल पुतण्याकडं आला. स्टॉपर आणि आणखी एक जण त्याच्या अंगावर गेले. त्यांचा तिसरा बॅक पलीकडच्या खांबापाशी राहिला होता, म्हणून मी ऑफसाइड नव्हतो. तरी पुतण्याला गोल मारायला जागा होती, तशा जागेतून त्यानं कितीतरी गोल केले होते. माझे पाय बॉलकडं ओढ घेत होते. जा, काढून घे, हा तुला देणार नाही, असं माझं सगळं अंग सांगत होतं. मी दात आवळून जागेवर थांबलो. त्यानं मान वर केली. मला वाटलं, गोलकडं बघतोय.

बॉल माझ्याकडं आला. तो मी एका स्पर्शात थांबवला. गोली पुढं धावला, मी त्याच्या बाजूनं सरकवून दिला. जाळी नव्हतीच, दोन खांबांमधून बॉल पार बाभळीपर्यंत गेला, आणि मी तिथंच खाली बसून लहान लेकरासारखा रडलो.

संध्याकाळी नावं वाचली. आमच्या टीममधून फॉरवर्ड म्हणून एकच नाव होतं, माझं. पुतण्याचं नव्हतं. मला आनंद व्हायच्या आधी वाटलं, यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. सगळे पांगल्यावर मी सरांना गाठलं. “सर, खरं सांगा. मला काहून घेतलं?”

सर बाकावर बसून शिट्टीचा दोरा गुंडाळत होते. “दोन साल झाले. गोरेगावला लग्नाला आलतो मी. परतताना एका जीपमधी पोरगं बोंबलून राह्यलं, दवाखान्यात जायचं म्हणून. मला कीव आली. पटकन चढलो. मंग ते पोरगं डबा राह्यला म्हणून उतरलं, अन् मी तासभर उन्हात.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “न येणाऱ्या बॉलसाठी खरंखुरं पळणारं पोरगं भेटत न्हाई रे. माझा पुतण्याबी न्हाई पळत. तू पहिल्या दिवशी मैदानात आला तवाच वळखलं तुला.”

“मंग त्याच्यासाठीच घेतलं हे आधी काहून न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुझ्या पळण्यात दिसलं असतं.”

हे त्यांनी खरंच आधीपासून योजलं होतं, की त्या बाकावर बसून त्यांना सुचलं, याबद्दल माझा संशय अजून गेलेला नाही. पण त्या निवडीनंतर त्यांच्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, हे मला पुढं मामाकडून कळलं, आणि मामा इतर बाबतीत कितीही खोटा असला तरी स्टँडवरच्या बातम्या त्याच्याकडं खऱ्या असत.

पुतण्या मैदानाच्या फाटकाजवळ नळावर पाय धूत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. “बॉल मला काहून दिला? तू मारला असता तर टीममधी तू असतास.”

त्याला प्रश्नच समजला नाही. “काहून म्हणजे? तू एकटाच व्हतास ना तिथं.”

मी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिलो, आईनं शिकवलं होतं तसं, आधी हाताकडं, मग तोंडाकडं. काही सापडलं नाही. मग मी त्याला विचारलं, ते जुने बूट अजून आहेत का.