जाड पाकीट, बारीक पाकीट

आमच्या गल्लीत टपालनानांनी पाणी मागितले की त्या घरातल्या पदवीधर मुलाचा चेहरा उतरे. नोकरीचा अर्ज नामंजूर झाला की कचेऱ्या त्यासोबतच्या दाखल्यांच्या नकला परत पाठवत, म्हणून ते पाकीट जाड असे. मुलाखतीचे बोलावणे एका कागदाचे, बारीक. बारीक पाकीट असले की नाना कोपऱ्यावरूनच ओरडत, "चहा टाका!" जाड असले की दारात येऊन हळूच म्हणत, "वहिनी, घोटभर पाणी द्या हो." वहिनी आत वळत आणि तेवढ्यात पाकीट मुलाच्या हातात जाई. आईच्या डोळ्यांदेखत ते घ्यावे लागू नये, एवढ्यासाठी हा पोस्टमन डोंबिवलीत घरोघर तहान नसताना पाणी पीत असे.

नानांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. इंग्रजी पत्त्यापुरते. पण अक्षरावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फोर्टातल्या एका कचेरीच्या पाकिटांबद्दल ते म्हणत, "डोंबिवलीच्या 'डी'ला एवढं पोट काढतो, म्हणजे गृहस्थ सुखी दिसतो. आणि बोलावतो कुणाला बघा. मुंबईच्या त्या जुन्या कॉलेजातल्या पोरांना. स्वतः तिथलाच असणार." मी दर आठवड्याला वर्तमानपत्रांना वाचकांची पत्रे पाठवत असे. माझे कार्ड हातात घेऊन ते हसत. "तुझ्या ओळी वर चढतात रे. रागीट अक्षर."

रागीट मी होतोच. आमच्या माळ्यावर चळवळीतली पत्रके पडलेली होती आणि त्यांच्यावरच मी वाढलो. मी मॅट्रिक झालो तेव्हा पुण्यात नवे विद्यापीठ निघाले होते. मुंबईचे जुने विद्यापीठ साहेबासाठी कारकून घडवत आले, नवे माणसे घडवील, असे मी घरात जाहीर केले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांची शंका साधी होती. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर तुला ओळखणार कोण?

एका दुपारी त्यांनी नानांना ओट्यावर बसवले. "नाना, तुम्ही सगळ्यांची पाकिटं वाहता. सांगा, पुणे की मुंबई?"

नानांनी टपालाची पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाले, "अण्णा, मुंबई. पुण्याला शिकून आलेल्या पोरांच्या घरी पाणी पिऊन पिऊन दमलो मी."

"म्हणजे वशिला!" मी उसळलो.

"वशिला नव्हे रे, ओळख. पुढे गेलेला मागच्यासाठी दार उघडं धरून ठेवतो, एवढंच."

"आणि ज्याच्यासाठी कुणीच धरत नाही, त्यानं काय करायचं?"

"त्याच्या घरी मी पाणी मागतो," नाना म्हणाले.

अण्णांनी माझ्यासाठी मुंबई ठरवली. त्याच संध्याकाळी मी ठाण्याच्या मोठ्या टपाल कचेरीला पत्र लिहिले. हा इसम नागरिकांच्या खाजगी टपालावर पाळत ठेवतो, कोणास कोठून काय आले हे इतरांस सांगतो, त्यावरून सल्ले देतो. प्रत्येक वाक्य नियमाला धरून होते. खाली सही केली, 'एक जागरूक नागरिक'. माळ्यावरच्या पत्रकांखाली माणसांची नावे होती आणि ती माणसे तुरुंगात गेली होती. मी अण्णांच्या भीतीने नाव घातले नाही, आणि त्याला तत्त्व म्हटले.

महिन्याभरात गल्लीत नवा पोस्टमन आला. नानांना विठ्ठलवाडीच्या पलीकडे, निर्वासितांच्या छावणीत पाठवले. तिथली निम्मी पत्रे सिंधीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. अक्षर पाहून माणूस ओळखणारा माणूस तिथे एका म्हाताऱ्या मास्तरणीकडून पत्ते वाचून घेई, असे ऐकले. जाण्यापूर्वी ते घरोघर निरोप घ्यायला आले. मला म्हणाले, "अर्जाची तारीख चुकवू नकोस हो." मी पुस्तकातून मान वर केली नाही.

मी मुंबईला शिकलो. पदवी हातात पडताच अर्ज घेऊन सरळ फोर्टातल्या त्याच कचेरीत गेलो. हेडक्लार्क खरोखरच पोट सुटलेले, हसतमुख निघाले. "कुठलं कॉलेज? अरे वा, आपलाच की!" आठवड्याने घरी बारीक पाकीट आले. 'डी'चे पोट मी लगेच ओळखले. दोन वर्षांत अर्ज परत पाठवायचे आणि त्या पाकिटांवर हाताने पत्ते लिहायचे काम माझ्याकडे आले. हेडक्लार्क सांगत, "आपल्या कॉलेजचे वरती ठेवा," आणि मी ठेवत असे. रविवारी मी वशिलेबाजीविरुद्ध लेख लिहीत असे.

गेल्या वर्षी कल्याणच्या बाजारात नाना भेटले. खाकी कोट अंगावर सैल झाला होता.

"साहेब, मोठे झालात."

"साहेब काय म्हणता, नाना?"

"छावणीत तुमचं अक्षर येतं की. इंग्रजी असलं म्हणून काय झालं, ओळी तशाच चढतात." मग भाजीच्या पिशवीकडे पाहत म्हणाले, "जाडच असतात सगळी. बरं तर बरं, पाण्याला त्यांच्यातही पाणीच म्हणतात."

माझ्या तोंडून निघून गेले, "नाना, ते तुमच्याविरुद्धचं पत्र..."

"हां. स्टेशनाजवळच्या पेटीत टाकलेलंत. ती पेटी मीच उघडायचो."

"कळलं होतं तुम्हाला? मग फाडून का नाही टाकलंत?"

नानांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना काही अभद्र सुचवले होते.

"फाडून? अहो, टपाल होतं ते."

एवढे बोलून त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली, अण्णांना नमस्कार सांगितला आणि ते गर्दीत गेले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत पाठवायच्या अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. सर्वांत वरचा अर्ज छावणीतल्या एका मुलाचा होता. पहिला वर्ग, प्राध्यापकांची उत्तम पत्रे, कॉलेज पुण्याचे. हेडक्लार्कांच्या खोलीचे दार उघडेच होते. आत जाऊन काय बोलायचे ते मला पाठ होते, कारण तेच मी रविवारी छापून आणत होतो. मी उठलो, गठ्ठा घेतला आणि टायपिस्टच्या टेबलावर ठेवला.

"यापुढे पाकिटांवरचे पत्ते टाइप करत जा," मी म्हणालो. "हाताने लिहिलेले बरे दिसत नाहीत."