बारा सेंटिमीटर बुडवलेला पाईप

गव्हाणे काकूंचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये एका सीएनसी मशीनखाली आडवा होतो. वार गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी. लाइन बंद असते, म्हणून आम्ही मेंटेनन्सवाले कामावर असतो.

"भाऊ, तुमच्या हॉलातनं आमच्याकडं पानी गळतंय. नळ चालू ऱ्हायला का?"

काकू दिघीत आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. मंगल, माझी बायको, आईच्या आजारपणासाठी अंबाजोगाईला गेली तेव्हा घराची एक किल्ली त्यांच्याकडे देऊन गेली. मी म्हणालो, "काकू, वर जाऊन माशांच्या टाकीखालचं कपाट उघडता का?"

त्या कपाटात काय होतं, ते आधी सांगतो.

मंगल जाताना एवढंच म्हणाली होती, "मी येईपर्यंत माशांना जपा." चार गोल्डफिश आहेत, आता तळहाताएवढे. ती असताना दर रविवारी निम्मं पाणी बादल्यांनी बदलायची. माझ्या शिफ्टमध्ये ते जमेना. पाणी गढूळ व्हायला लागलं. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. मला बघून झालं की म्हणते, "आता मासे दाखवा." गढूळ पाणी कितीदा दाखवणार?

म्हणून मी सम्प बांधला. सम्प म्हणजे मुख्य टाकीच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी एका कडेवरून ओसंडून खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो. त्यात काचेच्या उभ्या पट्ट्या बसवतात, त्यांना बॅफल म्हणतात. एक पट्टी पाण्याला खालून वाट देते, पुढची वरून. असं खालीवर जाताना पाणी मंदावतं, घाण खाली बसते आणि बुडबुडे पंपापर्यंत पोचत नाहीत. आमच्या मशीनच्या कूलंट टँकमध्ये हेच असतं. कूलंट म्हणजे धातू कापताना तो गार ठेवणारं दुधासारखं पाणी. ते काम मी वीस वर्षांहून जास्त करतोय. त्यामुळे ड्रॉइंग काढायला मला एक संध्याकाळ पुरली. भोसरीतल्या काचवाल्याकडून पट्ट्या कापून आणल्या, सिलिकॉनने चिकटवल्या. गळती शून्य. चार दिवसांत पाणी स्वच्छ झालं.

त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात टाकीसमोर फोन धरला.

"छान दिसायलंय," मंगल म्हणाली. "पण अहो, आवाज कुठं गेला?"

जुन्या फिल्टरचा बुडबुड आवाज यायचा. "तोच तर काढून टाकला. पंपाचं पाणी वर आणणारा पाईप पाण्याखाली घेतला. प्लांटमध्येही तसाच असतो, फेस होत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि विषय बदलला. मला वाटलं, तिला पटलं.

आता गुरुवार. काकू वर पोचल्या होत्या.

"खालची टाकी भरून वाहातीय, भाऊ."

"लाईट आहे का?"

"गुरुवारी कुठली लाईट? धालाच गेलीया."

मी मशीनखालून बाहेर आलो. गुरुवारी दिघीत लाईट जाते, हे मला माहीत असायला हवं होतं. पण गुरुवारी मी कधीच घरी नसतो.

हिशोब दोन मिनिटांचा होता. पंप बंद पडला की बुडलेल्या पाईपमधून पाणी उलटं खाली यायला लागतं, पिंपातून नळीने काढतो तसं. पाईपचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. माझ्या पाईपचं तोंड बारा सेंटिमीटर खाली. टाकी नव्वद बाय अडतीस. म्हणजे एक्केचाळीस लिटर. सम्पमध्ये रिकामी जागा अठरा लिटरची. उरलेलं तेवीस लिटर काकूंच्या छताच्या वाटेवर.

"काकू, आधी कपाटातली पंपाची पिन काढा. बरंच पाणी बाहेर गेलंय, लाईट आल्यावर पंप खालचं संपवून कोरडा फिरेल. मासे कसे आहेत?"

"त्वांडं वर काढल्यात. थांबा, मगानं वरनं पानी सोडते, त्यास्नी हवा मिळंल. मंगल करायची की दर गुरुवारी. लाईट येईस्तवर बसायची इथं. मी म्हनायची, अगं एवढं काय त्या माशांचं? तर म्हनायची, काकू, आवाज बंद झाला की घर खायला उठतं."

मी "ठेवतो" म्हणालो.

जगताप साहेबांकडे, म्हणजे आमच्या मेंटेनन्स मॅनेजरकडे, हाफ डे मागितला.

"काय अर्जंट?"

"टँक ओव्हरफ्लो झालाय."

"कुठल्या मशीनचा?"

"घरचा."

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "एनआरव्ही?" ही झडप पाणी उलटं येऊ देत नाही.

"नाही लावली."

"कोल्हे, दुसऱ्या कुणाचं ड्रॉइंग असतं तर तू रिजेक्ट करून वर लेक्चर दिलं असतंस राव. जा. मासे वाचव."

घरी पोचलो तेव्हा काकू स्टुलावर बसून मगाने पाणी ओतत होत्या. चारही मासे जिवंत होते. काकूंच्या छतावरचा डाग मी रंगवून देणार आहे, हे तिथेच ठरलं.

झडप लावता आली असती. पण झडपेत शेवाळ अडकतं, आणि तिच्यावर विसंबायची माझी तयारी नव्हती. मी पाईप कापला आणि तोंड पाण्याच्या दोन सेंटिमीटर वर आणलं. लाईट आल्यावर, गेलेलं पाणी भरून, पंप सुरू केला, मुद्दाम बंद केला. सम्पची पातळी अडीच सेंटिमीटर चढली आणि थांबली. साडेचार लिटर. चालेल.

पंप परत लावला. वरून पाणी पडायला लागलं. चांगलाच आवाज.

संध्याकाळी मंगलचा कॉल आला. मी पुराचं नंतर सांगणार होतो. फोन टाकीच्या काठावर ठेवला.

पलीकडे तिने फोन कानाशी नेला. मग ती म्हणाली, "आईला झोप लागलीय. इथं घड्याळाशिवाय कशाचा आवाज नाही. फोन तसाच ठेवा थोडा वेळ."

ठेवला. मी स्टुलावर बसलो.

सम्प बांधणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. पंप बंद पडल्यावर पाणी कुठे जाईल, ते आधी मोजा. आणि आवाज काढून टाकण्यापूर्वी, तो कुणाला हवा आहे का, ते घरात विचारा.